मॉक ड्रिल 'यशस्वी' झालं, पण चुका कुठे लिहिल्या? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात अणुवीज केंद्राच्या आसपासच्या गावांत होणाऱ्या मॉक ड्रिलबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही वाचकांनी नाव-गाव छापू नका म्हटलंय, म्हणून मग कुणाचंच नाव दिलेलं नाही.

प्रश्न: ताई, आमच्या गावात मॉक ड्रिल झालं. सकाळी गाड्या आल्या, पांढरे सूट घातलेली माणसं उतरली, शाळेतली पोरं बसमध्ये बसवून दुसऱ्या गावच्या हॉलमध्ये नेली, अंगावरून यंत्र फिरवलं, बिस्किटं वाटली आणि दुपारच्या जेवणाला सगळे घरी. दुसऱ्या दिवशी पेपरात 'सराव यशस्वी'. हे यशस्वी कोण ठरवतं? याच्यावर कुणाचं लक्ष असतं का? (किनाऱ्यावरच्या एका गावातून)

लक्ष असतं, पण ते कुणाचं आणि कुठपर्यंत हे जरा सविस्तर सांगायला लागेल. आपल्याकडे अशा इमर्जन्सीच्या तीन पायऱ्या धरतात. गडबड प्लँटच्या इमारतीपुरती असेल तर प्लँट इमर्जन्सी, आवारभर पसरली पण कुंपणाच्या आतच राहिली तर साइट इमर्जन्सी, आणि कुंपण ओलांडून तुमच्या घरापर्यंत यायची शक्यता असेल तर ऑफसाइट इमर्जन्सी. पहिलीचा सराव दर तीन महिन्यांनी, दुसरीचा वर्षातून एकदा आणि तिसरीचा दोन वर्षांतून एकदा करायचा असतो. तुम्ही बघितलात तो तिसरा. पहिले दोन प्लँटवाले स्वतः करतात, तिसऱ्याचा प्रमुख मात्र जिल्हाधिकारी असतो, म्हणजे तारापूरच्या बाबतीत पालघरचे कलेक्टर (१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ठाण्याचे). पोलीस, एसटी, आरोग्य खातं, तहसीलदार, तलाठी सगळे त्यांच्या हुकुमावर हलतात आणि प्लँटवाले फक्त तांत्रिक माहिती पुरवतात.

या सगळ्यावर बघणारी संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याला सगळे एईआरबी म्हणतात, ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला. प्लँटची इमर्जन्सीची योजना त्यांच्याकडे तपासायला जाते, सराव झाल्याचे रिपोर्ट जातात आणि ऑफसाइट सरावाला त्यांची माणसं निरीक्षक म्हणून येतात. पेपरात छापून येतो तो 'यशस्वी' शब्द बहुतेक वेळा प्रेसनोटमधून उचललेला असतो. निरीक्षकाच्या कागदावर असला शब्द नसतो, तिथे वेळा असतात आणि शेरे असतात.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी अशा एका सरावात निरीक्षक म्हणून उभी होते, कुठलं गाव ते सांगत नाही. माझ्याकडे एक घड्याळ, एक पॅड आणि गावाची खालची आळी एवढंच काम दिलेलं. १० वाजून ५ मिनिटांनी सायरन वाजायचा होता. माझ्यासमोर एक आजी ओट्यावर मासे साफ करत बसलेल्या, त्या काही हलल्या नाहीत. दहा मिनिटांनी मी विचारलं, आजी सायरन ऐकलात का, तर म्हणाल्या, 'कसला गं? इकडे समुद्राच्या वाऱ्यात काय पण ऐकू येत नाय.' वर पाटलाच्या घराजवळ स्पष्ट ऐकू आला होता. भोंगा लावलेली जीप खालच्या आळीत १० वाजून ४० मिनिटांनी आली. पस्तीस मिनिटं. मी ते लिहिलं आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, कुणी वाद घातला नाही, मिनिट्समध्ये घेतलंसुद्धा. माझ्या मते त्या अख्ख्या दिवसाचं खरं उत्पन्न तेवढंच होतं, ती एक ओळ. बसमध्ये पोरं व्यवस्थित बसली हे बघून कुणालाच नवीन काही कळलं नाही.

प्रश्न: मी बोईसरला राहतो. १६ किलोमीटरमध्ये आम्ही येतो म्हणतात, म्हणजे नेमकं काय? आणि इथे एमआयडीसी असल्यामुळे सायरन ऐकला तर तो कशाचा समजायचा?

हो, बोईसर त्या पट्ट्यात येतं. तारापूरसारख्या जुन्या केंद्रांभोवती तीन वर्तुळं आखलेली असतात. १.६ किलोमीटरपर्यंत वस्तीच नाही, ५ किलोमीटरपर्यंत नवीन मोठी वाढ होऊ द्यायची नाही, आणि १६ किलोमीटरपर्यंत इमर्जन्सीचं नियोजन आधीपासून तयार ठेवायचं. या १६ किलोमीटरच्या वर्तुळाच्या केकसारख्या १६ फोडी केलेल्या असतात, कारण वारा सगळीकडे एकदम वाहत नाही. ज्या फोडींकडे वारा वाहतोय तिथल्या लोकांना आधी सांगायचं. तारापूर समुद्रकाठी असल्यामुळे जवळजवळ अर्ध्या फोडी पाण्यात आहेत, पण पाण्यात म्हणजे रिकाम्या असं कुणी समजू नये, दांडी, उच्छेळी, घिवली, चिंचणी या पट्ट्यातल्या होड्या तिथेच असतात. दिवसा वारा समुद्रावरून जमिनीकडे आणि रात्री उलटा, हे तिथल्या कोळ्यांना कुठल्याही ऑफिसपेक्षा जास्त माहितीये, आणि सरावाच्या आखणीत त्यांना बसवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

इमर्जन्सी जाहीर झाली म्हणजे लगेच गाव सोडून पळायचं असं नसतं. बहुतेक वेळा पहिली सूचना असते ती घरात थांबा, दारं-खिडक्या लावा, बाहेरची हवा आत ओढणारे पंखे-एसी बंद करा आणि अधिकृत सूचनेकडे कान ठेवा. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला २८ मार्च १९७९ ला अपघात झाला, दोन दिवसांनी गव्हर्नरांनी फक्त ५ मैलांतल्या गरोदर बायका आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांनी बाहेर पडावं असा सल्ला दिला, आणि प्रत्यक्षात निघाले सुमारे १ लाख ४० हजार लोक. त्या लोकांचा दोष नाही, त्यांना आधी कुणी काही समजावलंच नव्हतं. बोईसरला स्टेशनचा रस्ता संध्याकाळी सहाला कसा असतो ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

सायरनचा तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. केमिकल कंपनीचा सायरन आणि अणुवीज केंद्राची इमर्जन्सी यात घरात थांबायची पहिली सूचना साधारण सारखीच असते हे त्यातल्या त्यात बरं आहे. पण दोन्ही धोके शेजारी शेजारी आहेत तर सरावसुद्धा कधीतरी एकत्र व्हायला हवा, एका दिवशी एकच कंट्रोल रूम दोन्हीकडचे फोन घेतेय असा. हा प्रश्न तुमच्या ग्रामपंचायतीने लेखी विचारावा.

प्रश्न: एईआरबी चुका दाखवतं हे ठीक, पण त्या सुधारल्या नाहीत तर त्यांच्या हातात काय आहे? कॅगच्या रिपोर्टमध्ये काहीतरी वाचल्याचं आठवतं. (पुणे)

सगळ्या पत्रांतला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून इथे जरा थांबते.

एईआरबी स्थापन झालं १५ नोव्हेंबर १९८३ ला, १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली, पण सरकारी आदेशाने, स्वतःचा वेगळा कायदा असा नव्हता. ते उत्तर देणार अणुऊर्जा आयोगाला, त्या आयोगाचे अध्यक्ष तेच जे अणुऊर्जा खात्याचे सचिव, आणि बहुतेक सगळे प्लँट चालवणारी एनपीसीआयएल ही त्याच खात्याखालची कंपनी. म्हणजे परीक्षा घेणारा आणि देणारा दोघेही एकाच घरात. तिथली माणसं वाईट होती असं माझं अजिबात म्हणणं नाही, मी त्यांच्यातले अत्यंत काटेकोर लोक बघितलेत, पण व्यवस्था अशी असली की चांगल्या माणसाचाही आवाज एका ठिकाणी येऊन अडकतो.

कॅगने २०१२ मध्ये एईआरबीच्या कामावर स्वतंत्र रिपोर्ट संसदेत ठेवला. त्यात इमर्जन्सीबद्दल जे म्हटलंय ते दोन वाक्यांत सांगते. कुंपणाच्या आतल्या योजना तयार आहेत आणि त्यांचे सरावही ठरलेल्या वेळी होतात. पण कुंपणाबाहेरच्या सरावांतून तयारी अपुरी असल्याचं दिसलं, आणि एईआरबीने सुचवलेल्या दुरुस्त्या अमलात आणून घ्यायचा अधिकार एईआरबीलाच नाही. त्याच रिपोर्टमध्ये हेही होतं की नियम मोडल्याबद्दलचा दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. पाचशे. पुढे २०१३ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनेही हे सगळं उचलून धरलं.

अधिकार का नाही तेही समजून घ्या, कारण गोम तिथेच आहे. कुंपणाच्या आत एईआरबीकडे लायसन्स आहे, प्लँटवाल्यांना ते सांगू शकतात की हे दुरुस्त करा नाहीतर युनिट बंद ठेवा, आणि हा अधिकार खरोखर मोठा आहे. पण खालच्या आळीत भोंगा बसवायचा कुणी? जिल्हा प्रशासनाने. रस्ता रुंद करायचा कुणी? बांधकाम खात्याने. आरोग्य उपकेंद्रात नर्सला ट्रेनिंग द्यायचं कुणी? आरोग्य खात्याने. यातलं कुणीच एईआरबीचं लायसन्सधारक नाही, ते आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली काम करतात आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये अणु आणि किरणोत्सारी आणीबाणीच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्यात. म्हणजे दोन कायदे, दोन साखळ्या, आणि गावकऱ्याचं घर बरोब्बर त्यांच्या मधल्या फटीत.

मी वर लिहिलं ना, ती पस्तीस मिनिटं. त्याच गावात दोन वर्षांनी परत जायचा योग आला, तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या मी आधी त्या खालच्या आळीत गेले. भोंगा बसलेला नव्हता. फायलीत त्या मुद्द्यासमोर 'कार्यवाही सुरू' असं लिहिलेलं होतं आणि मधल्या काळात दोन अधिकारी बदलून गेले होते. सरावात निघालेला दोष पुढच्या सरावाआधी मिटला की नाही हे विचारायचा हक्क आणि न मिटल्यास काहीतरी थांबवायचा हक्क, हे दोन्ही एकाच हातात नसतील तर निरीक्षकाचं पॅड म्हणजे नुसती डायरी होते. मला या सगळ्या विषयात जर एकच गोष्ट बदलता आली तर मी ही बदलेन.

२०११ मध्ये स्वतंत्र अणुसुरक्षा प्राधिकरणाचं विधेयक आलं होतं, ते त्या लोकसभेबरोबरच संपलं. मग डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवीन कायदा केला, 'शांती' या छोट्या नावाने तो ओळखला जातो, आणि त्यात एईआरबीला पहिल्यांदा कायद्याचा दर्जा मिळाला. त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्राचं दार उघडलंय, त्यामुळे नियामकाचं बळ आता आधीपेक्षा जास्त लागणार. दर्जा मिळाला ही खूप चांगली गोष्ट झाली, मी कित्येक वर्षं वाट बघत होते. पण कुंपणाबाहेरची पूर्तता कोण करून घेणार हे नियमांत स्पष्ट लिहून यायला हवं, आणि त्यावर लक्ष ठेवायची वेळ आत्ताच आहे.

प्रश्न: आम्ही अमेरिकेत इलिनॉयमध्ये एका अणुवीज केंद्रापासून आठेक मैलांवर राहतो. इथे दर वर्षी घरी माहितीपत्रक येतं, त्यात नकाशा, कुठल्या शाळेची मुलं कुठे नेणार ते सगळं. इथे नियामक काय वेगळं करतो?

थ्री माइल आयलंडचा धडा त्यांनी मनावर घेतला हे पहिलं. त्या अपघातानंतर १९७९ च्या अखेरीला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कुंपणाबाहेरच्या तयारीची तपासणी फेमा या आपत्ती संस्थेकडे दिली, कुंपणाच्या आतली एनआरसी या नियामकाकडे राहिली. १० मैलांचा पट्टा, आणि दर दोन वर्षांनी मोठा सराव ज्यात प्लँट, राज्य आणि काउंटी तिघांनी एकत्र उतरायचं. म्हणजे कामाची वाटणी तिथेही दोन हातांत आहे, पण गाठ मारलेली आहे. फेमाचा निष्कर्ष एनआरसीकडे जातो, आणि तयारीत गंभीर त्रुटी निघाली आणि ती चार महिन्यांत भरून निघाली नाही तर अणुभट्टी बंद ठेवायची का हे एनआरसीला ठरवायला लागतं. काउंटीच्या त्रुटीसाठी प्लँटचं लायसन्स पणाला लागतं, त्यामुळे होतं काय की कंपनी स्वतः धावपळ करून काउंटीला सायरन, रेडिओ, ट्रेनिंग देते. आपल्याकडे जी फट म्हणाले, ती त्यांनी अशी बुजवली.

मोजमापही ठरलेलं आहे. गडबड कुठल्या पातळीची हे कंट्रोल रूमने १५ मिनिटांत ठरवायचं आणि जाहीर केल्यापासून १५ मिनिटांत राज्याला-काउंटीला कळवायचं. दोन वर्षांतल्या सगळ्या सरावांत मिळून हे ९० टक्क्यांपेक्षा कमी वेळा बरोबर झालं तर एनआरसीची तपासणी वाढते. सायरनच्या चाचण्यांसाठी हाच उंबरठा कित्येक वर्षं ९४ टक्के होता.

पण मला त्यांची सगळ्यात आवडलेली पद्धत वेगळीच आहे. सराव संपला की कंपनीने स्वतःच्या चुका स्वतः शोधून मांडायच्या. एनआरसीचे इन्स्पेक्टर दिवसभर आपली वेगळी यादी करत असतात आणि मग बघतात की आपल्याला दिसलेली चूक कंपनीला दिसली का. चूक झाली आणि कंपनीने ती स्वतः पकडली तर ती दुरुस्त करायला वाव असतो, सराव त्याचसाठी असतो. चूक झाली आणि कंपनीच्या यादीत ती आलीच नाही, तर मात्र ती नियामकाच्या दृष्टीने नोंद घेण्यासारखी गोष्ट होते. ही पद्धत आपल्याकडे तालुका पातळीपर्यंत आणायला पैसे लागत नाहीत, फक्त मीटिंगमध्ये चूक कबूल करणाऱ्याला झापायचं नाही एवढं ठरवायला लागतं.

तिथेही सगळं गोड नव्हतं म्हणा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर शोरहॅम नावाचा प्लँट अब्जावधी डॉलर घालून बांधून तयार झाला, आणि १९८३ मध्ये सफोक काउंटीने सांगितलं की या चिंचोळ्या बेटावरून लोकांना वेळेत बाहेर काढणं शक्य नाही, आम्ही योजनेत भाग घेणार नाही. १९८६ च्या सरावात मूलभूत दोष निघाले. १९८९ ला प्लँट बंद करायचा करार झाला, व्यावसायिक वीज एक दिवस विकली नाही. रस्ता बघायचं काम पाया खणायच्या आधी करायचं असतं, ते इतकं महाग पडलं.

प्रश्न: जैतापूरचा प्रकल्प आला तर हा सराव आधी होणार की नंतर? (राजापूर)

आधी. इंधन भरून युनिट सुरू करायच्या आधी कुंपणाबाहेरची योजना तयार असणं आणि तिचा सराव झालेला असणं अपेक्षित असतं. तमिळनाडूत कुडनकुलमला जून २०१२ मध्ये असा सराव झाला, पण तो नक्कनेरी नावाच्या एका छोट्या गावात, आणि आसपासच्या लोकांनी तेव्हाच विचारलं की एवढ्याशा गावावरून बाकीच्यांचा अंदाज कसा बांधणार. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ६ मे २०१३ ला निकाल लागला, प्रकल्पाला परवानगी मिळाली पण सोबत १५ निर्देश आले. माडबनच्या, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या जागेच्या बाबतीत मी एवढंच म्हणेन की सरावासाठी गाव निवडताना सगळ्यात सोपं गाव निवडू नये, घाटाखालची वाडी, खाडीपलीकडची वाडी, पावसाळ्यात रस्ता तुटणारी वाडी निवडावी, आणि शक्यतो जुलैमध्ये.

प्रश्न: आयोडीनच्या गोळ्या आपणच आणून घरात ठेवाव्यात का? घरात दोन लहान मुलं आहेत. (डहाणू तालुका)

काळजी समजते, पण स्वतःच्या मनाने द्यायच्या नाहीत. ही गोळी सगळ्या किरणोत्सर्गावरचं औषध नाही, ती फक्त थायरॉइडमध्ये किरणोत्सारी आयोडीन शिरू नये म्हणून असते, आणि ते आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होत जातं. गोळीचा उपयोग किरणोत्सारी ढग यायच्या थोडं आधी किंवा आल्या आल्या घेतली तरच, उशिरा घेतली तर फायदा घसरत जातो. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना तिची गरज सगळ्यात जास्त, आणि लहान मुलांचा डोस वेगळा असतो. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन काहीच होत नाही, उलट त्रास होईल. तुमच्या उपकेंद्रात साठा आहे का, त्याची एक्सपायरी काय, आणि रात्री दोन वाजता कुलूप उघडणारा माणूस कोण हे मात्र जरूर विचारा. सरावात गोळ्यांची खोटी पाकिटं वाटतात ते ठीक, पण खऱ्या कपाटाची किल्ली कुणाकडे हे त्या दिवशी तपासलं जातं का ते बघा.

प्रश्न: जपानी लोक सरावात एवढे पक्के, तरी फुकुशिमात गोंधळ का झाला? (ठाणे)

कारण ते ज्याचा सराव करत होते ते घडलं नाही आणि जे घडलं त्याचा सराव केलेला नव्हता. १९९९ मध्ये तोकाइमुराला अपघात झाल्यावर जपानने वेगळा कायदा केला, प्रत्येक केंद्राजवळ एक ऑफसाइट सेंटर बांधलं जिथे सगळ्या खात्यांनी जमून निर्णय घ्यायचे. दर वर्षी सराव होत होते, पण त्यात भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टी असं सगळं एकदम कोसळलंय आणि गळती आवरतच नाहीये असा प्रसंग धरलेला नसायचा. ११ मार्च २०११ ला तेच झालं. ओकुमा गावातलं ऑफसाइट सेंटर प्लँटपासून ५ किलोमीटरवर, तिथली वीज गेली, फोन गेले, आत किरणोत्सर्ग वाढायला लागला आणि चार दिवसांत सगळ्यांना ते सोडून फुकुशिमा शहरात जायला लागलं. आणि माझ्या जिवाला लागलेली गोष्ट ही, की त्या इमारतीला हवेचे फिल्टर बसवा असं तिथल्या सरकारी तपासणीने २००९ मध्येच लेखी सांगितलं होतं. दोन वर्षं होती हातात. नियामकाने ते करून घेतलं नाही.

लोकांना बाहेर काढायचा आदेश ३ किलोमीटर, मग १०, मग २० असा वाढत गेला. काही लोक नामिए गावातून ज्या दिशेला पळाले त्याच दिशेला नंतर ढग गेला, कॉम्प्युटरवर अंदाज काढणारी यंत्रणा होती पण त्यातली माहिती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. फुताबा हॉस्पिटल प्लँटपासून साधारण साडेचार किलोमीटरवर, तिथले अंथरुणाला खिळलेले म्हातारे पेशंट तासन्तास बसमध्ये फिरवले गेले आणि हॉस्पिटल व त्याच्याशी जोडलेल्या वृद्धाश्रमातले मिळून चाळीसच्या वर लोक दगावले. किरणोत्सर्गाने गेले नाहीत ते, हलवण्यातल्या हालांनी गेले.

आता तिथे नियामक वेगळा आहे, सप्टेंबर २०१२ पासून, आणि पट्टा ३० किलोमीटरचा केलाय. मार्च २०२१ मध्ये मितोच्या कोर्टाने तोकाई-२ ही अणुभट्टी चालवायला मनाई केली, कारण ३० किलोमीटरमध्ये ९ लाखांच्या वर लोक आणि त्यांना बाहेर काढायची योजना धड नाही. १ जानेवारी २०२४ ला नोटोचा भूकंप झाला, तिथल्या शिका केंद्राभोवतीचे पळायचे रस्ते तुटले आणि ज्या घरांत थांबा म्हणायचं ती घरंच पडली, तेव्हा घरात थांबायच्या सूचनांचा पुन्हा विचार सुरू झाला. डहाणू-तलासरीला नोव्हेंबर २०१८ पासून किती धक्के बसलेत ते पालघरच्या वाचकांना माहितीये. तडे गेलेल्या घरात 'घरात थांबा' हे कसं पाळायचं, हा प्रसंग आपल्या सरावात यायलाच हवा.

प्रश्न: आम्ही काणकोणला राहतो, कैगाचं अणुवीज केंद्र जवळ आहे. गोव्याला यात काही स्थान आहे का?

कैगाचा १६ किलोमीटरचा पट्टा अख्खा कर्नाटकात आहे, सराव उत्तर कन्नडचे जिल्हाधिकारी चालवतात, गाव रिकामं करायचा प्रश्न तुमच्याकडे तसा येत नाही. पण दूध, भाजी, मासे याला राज्याची हद्द नसते, अमेरिकेत खाण्यापिण्यासाठी वेगळा ८० किलोमीटरचा पट्टा धरतात तो म्हणूनच. आपल्याकडे प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, ती प्लँट सुरू व्हायच्या आधीपासून दूध-मासे-माती तपासत असते. गोव्याच्या आपत्ती व्यवस्थापनाने सरावाला निरीक्षक पाठवावा, ही मागणी रास्त आहे.

प्रश्न: न सांगता अचानक सराव घेतला तर? आधी तारीख सांगून केलेल्या सरावाला काय अर्थ? (डोंबिवली)

गावाला न सांगता सायरन वाजवू नये, घाबरून कुणी रस्त्यावर पडलं, कुणाला अॅटॅक आला तर? गावाला तारीख सांगावी. पण अधिकाऱ्यांना प्रसंग सांगू नये. चांगल्या सरावात गोष्ट एका बंद पाकिटात असते, ती चालवणारे दोन-तीन जण सोडून कुणाला माहीत नसते, आणि मध्येच चिठ्ठी हातात येते की आता वारा फिरला, आता पुलावर ट्रक उलटला, आता तहसीलदार फोन उचलत नाहीत. कंट्रोल रूमच्या फोनची चाचणी मात्र रात्री-अपरात्री न सांगताच घ्यावी, त्याने कुणाला धोका नाही आणि सगळं उघडं पडतं.

प्रश्न: माझी आई अर्धांगवायूने अंथरुणावर आहे. आमच्याकडे सराव झाला तेव्हा चालती माणसं घेऊन गेले, आमच्या घरात कुणी आलं नाही. खरंच वेळ आली तर? (गावाचं नाव देत नाही)

तुमचं पत्र वाचल्यावर मला फुताबाच आठवलं. आईला घाईत हलवणंच धोक्याचं ठरू शकतं, त्यामुळे अशा माणसांसाठी आधी घरातच नीट थांबायची सोय आणि मग झोपवून नेता येईल अशी गाडी, असं दोन टप्प्यांचं ठरलेलं असायला हवं. त्यासाठी गावात अशी किती माणसं आहेत हे कुणालातरी माहीत पाहिजे, आणि ते आशाताईंना तोंडपाठ असतं, फक्त ते योजनेच्या कागदावर चढलेलं नसतं. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: अंथरुणावरच्या, डायलिसिसच्या, ऑक्सिजनवरच्या माणसांची घरवार यादी आशाताईंकडून करून घ्यावी, दर सहा महिन्यांनी ती ताजी करावी आणि ठरावासोबत कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला पाठवावी. पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासकट. पुढच्या सरावाला निरीक्षक येतील, त्यांच्या हातात पॅड असेल, त्यांना हाक मारून घरात बोलवा, आईची खाट दाखवा आणि ती पोच दाखवा. आणि ते लिहून घेईपर्यंत त्यांना सोडू नका.